पिकअप थरथरतेय? आधी वेग पाहा, मग पाना घ्या

सोलापूरच्या बाजार समितीत कांदा उतरवला आणि रिकामी पिकअप परतीला लागली, की ६०च्या वेगाला सीटखाली थरथर सुरू होते. गिअर टाकून क्लच सोडला की खालून ‘ठक्क’ आवाज येतो. पहिला संशय गिअरबॉक्सवर जातो आणि तो विनाकारण खोलला जातो. खरं तर थरथर सेकंदाला किती वेळा होते, यावरूनच दोष कुठे आहे ते कळतं.

हिशोब सोपा आहे. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरला, तर ६०च्या वेगाला चाक सेकंदाला ८ फेरे घेतं. डिफ्रन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचं) गुणोत्तर ४ च्या आसपास असेल, तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून डिफ्रन्शियलपर्यंत जाणारा लांब दांडा, ३२ फेरे घेतो. म्हणून ८ची संथ थरथर चाकाची, ३२ची बारीक थरथर शाफ्टच्या बॅलन्सची आणि ६४ची गुरगुर जॉइंट क्रॉसची, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातल्या अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याची. कंपन मोजणारं फोनमधलं ॲप पहिल्या दोन आकड्यांना पुरतं. त्याच वेगात, मोकळ्या रस्त्यावर, क्लच दाबून पाहा. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष.

बॅलन्स बिघडायला फार काही लागत नाही. शाफ्टच्या मध्यापासून ४ सेंटिमीटरवर २० ग्रॅम काळी माती वाळून चिकटली, तरी या वेगाला सव्वातीन किलोचा ओढा तयार होतो. वेग दुप्पट झाला की ओढा चौपट. म्हणून खर्च करण्याआधी शाफ्ट आणि रिमची आतली बाजू धुऊन घ्या.

६४ कुठून येतात? क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याने फिरवलेला शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. १० अंशांच्या कोनाला हा फरक दीड टक्का, २० अंशांना सहा टक्के. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि योक (क्रॉसला धरणारे दोन फाट्यांचे तुकडे) एका रेषेत असतील, तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. स्प्रिंगमध्ये जादा पाटा टाकला किंवा पाटे बसले की हे कोन बिघडतात. त्यामुळे थरथर फक्त रिकाम्या किंवा फक्त भरलेल्या गाडीत येत असेल, तर बॅलन्सिंगवर पैसे घालू नका, कोन तपासा.

आता ‘ठक्क’. सपाट जागा, इंजिन बंद, चारही चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल. क्रॉसच्या दोन्ही बाजू हातांनी उलट दिशांना पिळा. जरासाही ढिलेपणा जाणवला, किंवा क्रॉसच्या टोकांवरच्या कपाभोवती तांबडी भुकटी दिसली, तर कपातल्या बेअरिंगच्या सुया झिजल्या आहेत; क्रॉस बदला. क्रॉस घट्ट असेल तर स्लिप जॉइंटच्या (शाफ्टच्या आत-बाहेर सरकणाऱ्या सांध्याच्या) खाचा कोरड्या पडल्यात का, शाफ्टला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का आणि पाट्यांचे यू-बोल्ट सैल आहेत का ते पाहा. रबर फाटलं असेल तर जागेवरून निघतानाच गाडी हादरते. डिफ्रन्शियलमध्ये थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते, त्यामुळे त्याला शेवटी हात लावा.

शाफ्ट काढण्याआधी फ्लॅंज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) आणि स्लिप जॉइंटवर रंगाच्या खुणा करा. एक खाच चुकली तरी योकची रेष जाते आणि नव्या क्रॉससह थरथर परत येते. कप बसवताना एखादी सुई आडवी पडली तर सर्कलिप (कप जागेवर धरणारी कडी) खाचेत बसत नाही. अशा वेळी हातोडी मारू नका, कप काढून सुई सरळ करा. शेवटी चारही सीलमधून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन चालवा. तीनच सीलमधून आलं, तर चौथा कप कोरडाच आहे.