कंपनीच्या खोलीत गॅसची बाधा झाली तर भरपाईचा अर्ज कुठे अडतो

मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेल्या खोलीत शेगडी, गॅस गिझर नाहीतर जनरेटरच्या धुरामुळे कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली की भरपाईसाठी अर्ज करतात. फॉर्म, ओळखपत्र, पासबुक हे होऊन जातं. अर्ज अडतो तो एका रक्ततपासणीवर.

या गॅसला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, उलट्या होतात, आणि केसपेपरवर 'विषबाधा, खाण्यातून' असं लिहून मोकळे होतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही फसवतं, रीडिंग नॉर्मल दाखवतं. म्हणून कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची, म्हणजे रक्तात हा गॅस किती मिसळलाय ते दाखवणारी, तपासणी स्वतः मागा, आणि लगेच मागा, कारण साध्या हवेत चार-पाच तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं आणि मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तासातच. पण तपासणीसाठी ऑक्सिजन थांबवू नका हं, जीव आधी, रक्त ऑक्सिजन चालू असतानाही काढता येतं. खोलीतल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या. माणूस गेला असेल तर पोस्टमॉर्टेममध्ये ही तपासणी लेखी मागा, मृतदेहात हा पुरावा टिकून राहतो.

दुसरं, राहण्याचा पुरावा. भाडेकरार कुणाकडेच नसतो, खोली मालकाचीच ना! आणि तरी अर्ज घेणाऱ्या कार्यालयात तोच मागतात, याचा खरंच राग येतो. मग पगारातून खोलीचे पैसे कापल्याची स्लिप, खोली दिल्याचा सुपरवायझरचा मेसेज, सोबत राहणाऱ्यांचे जबाब, जे असेल ते जोडा. गिझर, त्याची धुराची नळी, बंद खिडकी यांचे फोटो त्याच दिवशी काढा, कारण दुसऱ्या दिवशी गिझर जागेवर असेलच असं नाही.

खोलीची तपासणी करा ही तक्रार वेगळी आणि भरपाईचा अर्ज वेगळा. लोक एकच देतात आणि वाट बघत बसतात. दोन्हींची पोच शिक्क्यासकट घ्या.

मुदत डिस्चार्जपासून धरू नका, घटनेच्या तारखेपासून धरा आणि किती आहे ते कार्यालयातून लिहून घ्या. आणि 'आता बरा आहे, तक्रार नाही' अशा कागदावर घाईत सही नको. विसरायला होणं, चालताना तोल जाणं असे त्रास काही जणांना बरं वाटल्यावर कित्येक दिवसांनी, आठवड्यांनी सुरू होतात. तसं झालं तर पुन्हा त्याच दवाखान्यात जा, आधीचा केसपेपर दाखवून नवीन नोंद त्यालाच जोडून घ्या, आणि तिची कॉपी अर्जाच्या फाइलला लावा.