शेवटचे पाकीट संपल्यानंतर

स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागातील ४९ दवाखान्यांमध्ये २०१४ साली एक वैद्यकीय चाचणी सुरू झाली. ‘डायरेक्ट’ या नावाने ती ओळखली जाते. टाइप २ मधुमेहाचे निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ लोटलेले आणि इन्सुलिन न घेणारे सुमारे तीनशे जण तीत सहभागी झाले. त्यांच्यातील निम्म्यांनी तीन ते पाच महिने नेहमीचे जेवण पूर्णपणे बंद ठेवले आणि दिवसाला ८२५ ते ८५३ किलोकॅलरी देणाऱ्या शेक व सुपाच्या पाकिटांवर ते राहिले. डिसेंबर २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा चर्चा झाली ती ४६ टक्क्यांची. या गटातील इतक्या लोकांची रक्तशर्करा एका वर्षानंतर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली होती. परंतु द्रव आहार घेणाऱ्या किंवा घेऊ पाहणाऱ्या माणसासाठी त्याच अहवालातील दुसरे तीन आकडे मला अधिक मोलाचे वाटतात. पाकिटांच्या काळात वजन सरासरी १४.५ किलोने उतरले, नेहमीच्या अन्नाकडे परतण्याच्या काही आठवड्यांत ते १ किलोने वाढले आणि पुढच्या महिन्यांत आणखी १.९ किलोने वाढले. तज्ज्ञांची देखरेख, ठरवून दिलेला आहार आणि नियमित भेटी असूनही थोडे वजन परत आले. कोणत्याही आधाराविना, एका सकाळी शेक थांबवून दुपारी पूर्ण ताटावर बसणाऱ्या माणसाचे काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येते.

या वाढीतील पहिला भाग मात्र घाबरण्यासारखा नसतो, आणि तो समजून न घेतल्यामुळे अनेक जण पहिल्याच आठवड्यात खचतात. आपले यकृत आणि स्नायू मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, बाळगतात. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. अत्यल्प उष्मांकाच्या आहारात हा साठा पहिल्या काही दिवसांतच रिकामा होतो आणि त्याच्यासोबतचे पाणी निघून जाते. सुरुवातीला वजनकाटा झरझर खाली येतो, त्यामागे हेही एक कारण असते. भात, भाकरी, फळे पुन्हा सुरू झाली की साठा भरतो, पाणी परतते आणि तोवर जवळपास रिकाम्या असलेल्या आतड्यांत अन्नाचेही वजन येते. त्यामुळे आठवडाभरात एक-दोन किलो वाढ दिसू शकते. एक किलो चरबी साठण्यासाठी गरजेपेक्षा सुमारे ७,७०० किलोकॅलरी जास्त खाव्या लागतात. मोजून खाल्लेल्या मुगाच्या खिचडीने चार दिवसांत तसे होत नाही. म्हणून द्रव आहाराच्या शेवटच्या दिवसाचे वजन हा आपला पाया न धरता, जेवण पूर्ववत झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी स्थिरावलेले वजन पाया धरणे अधिक योग्य ठरते.

खरी अडचण भुकेची आहे. पाकिटांवर असताना पहिल्या आठवड्यानंतर फारशी भूक लागत नाही, हा अनुभव पुष्कळांना येतो. पिष्टमय पदार्थ पुरेसे कमी असले, तर शरीर चरबी जाळून कीटोन तयार करते आणि या अवस्थेत भूक दबलेली राहते. जेवणात भात-पोळी परतली की कीटोन ओसरतात आणि तोपर्यंत झाकलेली भूक उघडी पडते. ज्या क्षणी समोर पदार्थांची निवड येते, नेमक्या त्याच क्षणी भूकही वाढते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे जादा वजनाच्या ५० जणांना दहा आठवडे असा अत्यल्प उष्मांकाचा आहार देण्यात आला होता आणि त्यांचे वजन सरासरी १३.५ किलोने घटले होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आहार संपून वर्ष झाल्यानंतरही त्यांच्या रक्तातील संप्रेरके मूळ पातळीवर आलेली नव्हती. तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन कमी होते, भूक जागवणारे घ्रेलिन वाढलेले होते, आणि त्यांना सुरुवातीपेक्षा अधिक भूक लागत होती.

ही भूक किती मोठी असते, याचे एक मोजमापही उपलब्ध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशा रुग्णांचा अभ्यास मांडला, ज्यांच्या लघवीतून औषधामुळे साखर बाहेर पडत होती आणि आपली ऊर्जा अशी वाया जाते आहे याची त्यांना जाणीव नव्हती. वजन उतरू लागले तशी त्यांची भूक आपोआप वाढत गेली. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे १०० किलोकॅलरी इतकी ती वाढ होती, तर शरीराचा ऊर्जाखर्च किलोमागे २० ते ३० किलोकॅलरीच घटतो. दहा किलो वजन उतरवलेल्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब मांडून पाहावा: शरीराला लागतात पूर्वीपेक्षा सुमारे अडीचशे किलोकॅलरी कमी, आणि मन मागते पूर्वीपेक्षा हजारभर जास्त. ‘तोंडावर ताबा नाही’ असा शेरा मारणाऱ्या नातेवाइकांनी आणि, खेदाने म्हणावे लागते, काही डॉक्टरांनीही हा हिशेब एकदा समजून घ्यायला हवा.

भुकेचा आणखी एक धागा १९४४-४५ मधील मिनेसोटा विद्यापीठातील प्रयोगात सापडतो. अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते आणि त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले होते. अन्नाची मोकळीक मिळाल्यावर हे तरुण प्रचंड जेवूनही अतृप्त राहत. त्यांच्या शरीरातील चरबी पूर्वीच्या पातळीच्या वर गेली. पुढे अब्दुल डुलू या संशोधकांनी त्या नोंदींचे विश्लेषण केले, तेव्हा केवळ घटलेली चरबीच नव्हे, तर झिजलेले स्नायूही भुकेला ढकलत असावेत असे दिसले. ते तरुण मुळात सडपातळ होते, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष लठ्ठ माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत; पण द्रव आहाराच्या काळात आणि नंतर स्नायू जपायला हवेत, एवढे त्यातून नक्की घेता येते.

स्कॉटलंडच्या चाचणीत अन्नाकडे परतण्यासाठी दोन ते आठ आठवडे राखून ठेवलेले होते. पाकिटे टप्प्याटप्प्याने कमी होत आणि त्यांच्या जागी जेवण येई. आपल्या स्वयंपाकघरात हीच रीत आणायची, तर दिवसाच्या चार पाकिटांपैकी दुपारचे एक काढून तेथे घरचे जेवण ठेवावे, कारण त्या वेळी भूक, वेळ आणि नंतरची हालचाल या तिन्हींची सोय असते. अर्धी ज्वारीची भाकरी किंवा मुठभर मऊ भात, वाटीभर घट्ट मुगाचे वरण, दुधी, दोडका किंवा लाल भोपळा यांची शिजवलेली भाजी आणि ताक, एवढ्यावर सुरुवात करता येते. हे जेवण पचले, अंगवळणी पडले की एक-दोन आठवड्यांनी दुसरे पाकीट काढावे. आयुर्वेदात शोधनानंतर, म्हणजे वमन-विरेचनासारख्या शुद्धीनंतर, पेया (पातळ पेज), विलेपी (घट्ट पेज), यूष (डाळीचे कढण) अशा क्रमाने अन्नावर येण्याचा जो संसर्जनक्रम सांगितलेला आहे, त्याचे कारण वेगळे असले तरी घडण याच जातीची आहे, हे मला लक्षणीय वाटते.

या क्रमामागे पोटाचीही कारणे आहेत. महिनोन्‌महिने कमी चोथ्याचे द्रव घेतल्यावर आतड्यातील जिवाणूंची वस्ती बदललेली असते. अशा पोटात एकदम मटकीची उसळ, कच्ची कोबी आणि हरभरे गेले, तर गुबारा धरतो, कळा येतात आणि ‘मला आता जेवण सोसत नाही’ असा चुकीचा समज होऊन माणूस पुन्हा पाकिटाकडे वळतो. मुगाच्या डाळीपासून मटकीकडे आणि तेथून हरभरा-पावट्याकडे जाताना मधे काही दिवस जाऊ द्यावेत, आणि चोथा वाढेल तसे पाणीही वाढवावे. दुसरे कारण पित्ताशयाचे आहे. वजन भराभर उतरत असताना पित्तात कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढते, स्निग्ध पदार्थ फारच कमी असतील तर पित्ताशय पुरेसे आकुंचन पावत नाही, आणि साचलेल्या पित्तात खडे होऊ शकतात. असे खडे गुपचूप बसलेले असताना तळणीचे भरपूर जेवण झाले, तर उजव्या बरगड्यांखाली तीव्र वेदना उठते, ती कधी उजव्या खांद्यापर्यंतही जाते. ही वेदना ‘पित्त झाले’ म्हणून अंगावर काढू नये; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

ताटात काय असावे, यावर युरोपातील आठ देशांत झालेला एक मोठा अभ्यास उपयोगी पडतो. आठ आठवड्यांच्या ८०० किलोकॅलरींच्या आहाराने सरासरी ११ किलो घटवलेल्या ७७३ जणांना पुढील सहा महिने पोटभर जेवण्याची मुभा होती. फरक ठेवला होता तो प्रथिनांच्या प्रमाणात आणि पिष्टमय पदार्थांच्या प्रकारात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत प्रथिने थोडी जास्त आणि रक्तशर्करा हळूहळू वाढवणारे धान्य-कडधान्य घेणाऱ्या गटाने वजन सर्वांत चांगले राखले, तर कमी प्रथिने आणि मैदा-साखरेसारखे झटपट पचणारे पदार्थ घेणाऱ्यांचे वजन लक्षणीय वाढले. महाराष्ट्रातील शाकाहारी ताटाची दुखरी बाजू येथेच आहे. पातळ वरणाच्या वाटीत प्रथिने चार-पाच ग्रॅमच असतात. घट्ट वरण, पिठले, उसळ, दही, पनीर, सोयाबीन, आणि चालत असेल त्यांना अंडी व मासे, यांतले काही ना काही प्रत्येक जेवणात आले, तरच दिवसाची बेरीज समाधानकारक होते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही: साबुदाण्यात प्रथिने नाममात्र असतात, आणि शेंगदाण्याचे कूट व तूप घातलेली ताटलीभर खिचडी उपवास म्हणून खाल्ली तरी शरीर तिचा पूर्ण हिशेब ठेवते.

तेलाबद्दल एक सोपी पद्धत सांगावीशी वाटते, कारण फोडणीत किती तेल पडते हे डोळ्यांना कळत नाही. चहाच्या एका चमच्यात सुमारे ५ मिलिलिटर तेल आणि ४० किलोकॅलरी असतात. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल संपत असेल, तर माणशी दिवसाला ३३ मिलिलिटर, म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी होतात. दहा किलो वजन उतरल्यावर शरीराची गरज जेवढी घटते, जवळजवळ तेवढाच हा आकडा आहे.

चालण्याबाबत स्कॉटलंडच्या चाचणीने एक शहाणपणाचा निर्णय घेतला होता: द्रव आहाराच्या काळात व्यायाम वाढवण्यास सांगितले गेले नाही, पण अन्न परतू लागताच पावले मोजण्याचे यंत्र हाती दिले आणि जमेल तेवढे, कमाल १५,००० पावलांपर्यंत, वाढवत नेण्यास सांगितले. डेन्मार्कमधील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, आठ आठवड्यांच्या आहाराने सरासरी १३.१ किलो घटवलेल्या १९५ जणांचे चार गट केले गेले. ज्यांना व्यायामाचा कार्यक्रमही नव्हता आणि औषधाऐवजी केवळ दिखाऊ इंजेक्शन होते, त्यांचे वजन वर्षभरात सुमारे ६ किलोने परत वाढले. व्यायाम करणाऱ्यांचे सुमारे २ किलोच वाढले. व्यायामासोबत लिराग्लुटाइड हे भूक कमी करणारे इंजेक्शन घेणाऱ्यांचे वजन आणखी उतरले. पुढे उपचार थांबल्यावरही वर्षभर पाहणी झाली, तेव्हा नुसत्या औषधावर राहिलेल्यांपेक्षा व्यायामाची जोड असलेल्यांनी वजन बरेच चांगले टिकवलेले आढळले.

वजनकाट्याला मित्र मानावे की टाळावे, यावर मतभेद आहेत. ज्यांना खाण्याविषयीच्या मानसिक आजाराची पार्श्वभूमी आहे, त्यांनी रोज वजन करणे मला योग्य वाटत नाही. इतरांसाठी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील एक प्रयोग बोलका आहे. नुकतेच बरेच वजन उतरवलेल्या ३१४ जणांपैकी काहींना रोज वजन करून वाहतुकीच्या सिग्नलप्रमाणे वागायला शिकवले गेले: दीड किलोच्या आतली वाढ हिरवी, त्यावरची पिवळी, आणि सव्वादोन किलोच्या पुढे लाल. पिवळ्यात खाणे आणि चालणे तपासायचे, लालमध्ये पुन्हा वजन उतरवण्याचा कार्यक्रम हाती घ्यायचा. दीड वर्षानंतर लाल रेषा ओलांडलेल्यांचे प्रमाण केवळ माहितीपत्रक मिळालेल्यांत ७२ टक्के होते, तर प्रत्यक्ष भेटून शिकलेल्यांत ४६ टक्के. स्कॉटलंडमध्येही २ किलोंहून अधिक वाढ झाली की काही जेवणांच्या जागी थोड्या काळासाठी पुन्हा पाकिटे देण्याची सोय होती. हा आराखडा पहिले पाकीट फोडण्याआधीच कागदावर लिहून ठेवावा, कारण दोन किलो वाढल्यानंतरच्या निराशेत तो सुचत नाही.

औषधांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. डायरेक्ट चाचणीत मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्या होत्या, कारण इतक्या कमी आहारावर ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येऊन पडण्याची भीती असते. जेवण परतल्यावर साखर आणि दाब पुन्हा वाढू शकतात, म्हणून परतीच्या आठवड्यांत दोन्ही मोजत राहणे आणि गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांवर सोपवणे भाग आहे. गरोदर किंवा स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी हा आहारच करू नये.

त्या चाचणीतील लोकांचा मागोवा पुढे पाच वर्षांपर्यंत घेतला गेला. ज्यांना आधार सुरू राहिला, त्यांचे वजन पाच वर्षांनंतर मूळ वजनापेक्षा सरासरी ६.१ किलोने कमी होते. मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवर आले होते. वजनापुरते बोलायचे, तर सुरुवातीच्या साडेचौदा किलोंपैकी निम्म्याहून अधिक वजन परतले होते. तरीही मूळ द्रव आहाराच्या गटात गंभीर आजारपणाच्या घटना दर १०० रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे शंभर रुग्ण वर्षभर पाहिले, तर) ४.८ इतक्या नोंदल्या गेल्या, आणि तुलनेसाठीच्या गटात १०.२.