रीड व्हॉल्व्ह (आउटबोर्ड इंजिन)

रीड व्हॉल्व्ह म्हणजे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनात, म्हणजे होडीच्या मागे टांगलेल्या इंजिनात, कार्बोरेटर आणि क्रँककेस (पिस्टनखालची बंद जागा) यांच्या मधे बसवलेली एकतर्फी झडप. लोहाराच्या भात्यात चामड्याची झडप असते ना, भाता उघडला की हवा आत येऊ देते आणि दाबला की भोकावर घट्ट बसते, अगदी तेच काम इथे स्टीलची नाहीतर फायबरची पातळ पत्ती करते. फरक वेगाचा. इंजिनाच्या प्रत्येक फेरीला ती एकदा उघडते आणि एकदा मिटते, म्हणजे मिनिटाला ५००० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला ८० पेक्षा जास्त वेळा. पेटीतल्या पितळी पत्तीलाही रीडच म्हणतात, पण ती पत्ती भोकातून आरपार हलते म्हणून सूर निघतो, इंजिनातली पत्ती भोकावर टेकून बसते आणि एकाच बाजूला उघडते.

आपल्याकडे हा पार्ट आउटबोर्डपेक्षा मोटरसायकलमुळे जास्त लोकांना माहीत आहे. १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० मध्ये रीड होते, त्याआधीच्या राजदूत ३५० मध्येही होते, त्यामुळे जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिक आउटबोर्डचे रीड बघून गोंधळत नाही. कोकणात छोट्या फायबरच्या होड्यांना आणि मालवण-तारकर्लीकडच्या पर्यटकांच्या बोटींना मागे जे इंजिन टांगलेलं असतं त्याला सरकारी कागदांत ओबीएम (आउटबोर्ड मोटर) म्हणतात आणि किनाऱ्यावर नुसतं मशीन. त्यातलं टू-स्ट्रोक मशीन असेल तर त्यात रीड असणारच असं समजून चालायला हरकत नाही. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमधून मिश्रण जातच नाही, म्हणून तिथे हा प्रश्नच येत नाही. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये मात्र रीड असतात, फक्त त्यातून पेट्रोल न जाता मुख्यतः हवा जाते.

काम कसं चालतं ते आधी नीट समजून घ्यावं, कारण बिघाड ओळखायची सगळी किल्ली तिथेच आहे. पिस्टन वर जातो तेव्हा खाली क्रँककेसमध्ये पोकळी तयार होते, पत्ती उघडते आणि कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि ऑइल आत ओढलं जातं. पिस्टन खाली यायला लागला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो, पत्ती मिटते आणि अडकलेलं मिश्रण बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. आता पत्तीचा कोपरा तुटलाय, किंवा ती वाकून भोकापासून उचललेली राहते, तर दाब आल्यावर थोडं मिश्रण वर न जाता आल्या वाटेने मागे कार्बोरेटरमध्ये फेकलं जातं. एकापेक्षा जास्त सिलिंडर असतील तर प्रत्येकाची क्रँककेस वेगळी सील केलेली असते आणि रीडही ज्याचे त्याचे, त्यामुळे एकाचा रीड गेला तर बाकीचे सिलिंडर ठणठणीत चालत राहतात.

रीडचा बिघाड फसवा असतो, आणि बिचाऱ्या कार्बोरेटरला त्याची शिक्षा होते. मागे फेकलेलं मिश्रण कार्बोरेटरच्या गळ्यातून उलटं जातं तेव्हा जेटवरून (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) जाताना पुन्हा पेट्रोल उचलतं, मग पुढच्या फेरीला तेच मिश्रण परत आत येताना तिसऱ्यांदा उचलतं. प्लग काढून बघितला तर काळा आणि ओला. बघणारा म्हणतो पेट्रोल जास्त येतंय, आणि स्क्रू फिरवायला घेतो. कार्बोरेटर खोलून धुतला जातो, फ्लोट बदलला जातो, सुई बदलली जाते, दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. इथपर्यंत फक्त वेळ आणि पैसा जातो, पण कोणी वैतागून मेन जेटच छोटा टाकला तर खरा धोका आहे. फुल स्पीडला पत्तीच्या गळतीला वेळच कमी मिळतो, तिथे मिश्रण आधीच बऱ्यापैकी ठीक असतं, त्यात जेट छोटा म्हणजे पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येत असल्यामुळे ऑइलही कमी. मग भर समुद्रात पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. एका पत्तीपायी अख्खं इंजिन जातं.

दुसरा चकवा कॉम्प्रेशन गेजचा. प्लगच्या जागी गेज लावून दोरी ओढली की वरच्या बाजूचं, म्हणजे पिस्टन आणि हेड यांच्यामधलं कॉम्प्रेशन कळतं. रीड खालच्या बाजूला आहे. तो पार तुटलेला असला तरी गेजवर आकडा उत्तम येऊ शकतो. म्हणून कॉम्प्रेशन चांगलं, स्पार्क चांगला, कार्बोरेटर स्वच्छ आणि तरीही मशीन स्लोला उभं राहत नाही, असं झालं की रीडकडे बघायचं.

लक्षणं साधारण अशी दिसतात: सकाळी चालू करायला खूप दोऱ्या ओढाव्या लागतात, कारण दोरीच्या वेगाला गळती सगळ्यात जास्त जाणवते, आयडलला, म्हणजे स्लोला मशीन खोकतं, थरथरतं, गिअर टाकला की बंद पडतं, पण एकदा का वेग घेतला की बरं पळतं. पेट्रोल जास्त खातं. सायलेन्सर बॉक्सच्या (धुराचा नव्हे, कार्बोरेटरच्या तोंडावरचा हवेचा डबा) आत ऑइलचं थारोळं साचलेलं असतं आणि कव्हर उघडल्यावर कार्बोरेटरच्या तोंडाखालचा भाग चिकट ओला दिसतो. क्वचित उलटंही होतं, म्हणजे स्पीडलाच पेट्रोल कमी पडतं. बऱ्याच आउटबोर्डचा फ्युएल पंप क्रँककेसच्या दाब-पोकळीच्या ठोक्यावर चालतो, आणि ज्या सिलिंडरवरून पंपाला ठोका मिळतो त्याचाच रीड गेला तर पंपही अशक्त होतो.

तपासायची पहिली पद्धत फुकटची आहे. इंजिनाला पाण्याच्या पिंपात उभं करायचं किंवा फ्लशिंगचे कान (नळाचं पाणी इंजिनात सोडणारे रबरी कप) लावायचे, कोरडं अजिबात चालवायचं नाही, वॉटर पंपाचा रबरी इंपेलर (पंखा) बघता बघता जळतो. सायलेन्सर कव्हर काढून आयडलला कार्बोरेटरच्या तोंडासमोर तीन-चार बोटं अंतरावर तळवा धरायचा. वर फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, उघडं फिरत असतं, तेव्हा सैल बाही आणि गळ्यातली साखळी आधी सांभाळा. चांगल्या इंजिनासमोर तळहात कोरडा राहतो, फार तर एखादी बारीक फवार. रीड गेलेल्या सिलिंडरसमोर मात्र फट-फट करत पेट्रोलचं धुकं बाहेर येतं, तळव्यावर पेट्रोलचे बारीक थेंब जमतात आणि त्यात ऑइलचा बुळबुळीतपणा लगेच कळतो. तळव्याऐवजी पांढरा कागद धरला तर त्यावर डाग उठतो आणि दोन कार्बोरेटरची तुलना करता येते. ही टेस्ट एवढी साधी आहे आणि तरी ती न करता कार्बोरेटर खोलतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

कुठला सिलिंडर ते पक्कं करायला एकेक प्लगची कॅप काढून आवाज बघतात, ज्याची काढल्यावर काहीच फरक पडत नाही तो आधीच मेलेला. इथे काढलेल्या कॅपमधला करंट इंजिनाच्या बॉडीला ग्राउंड करायलाच हवा, नाहीतर इग्निशन युनिटला मार बसू शकतो आणि समोर पेट्रोलचं धुकं असताना ठिणगी उडणं किती वाईट ते वेगळं सांगायला नको. आणि एक लक्षात ठेवा, क्रँकशाफ्टचं ऑइल सील गेलं तरी स्लोला असाच त्रास होतो, पण तेव्हा इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उडत नाही.

खोलायचं काम अवघड नाही, किचकट आहे. पेट्रोलची नळी आणि प्लग कॅप काढायच्या, बॅटरी असेल तर तीही, मग सायलेन्सर, कार्बोरेटर आणि त्याच्या दांड्या, मग इनटेक मॅनिफोल्डचे बोल्ट थोडेथोडे आलटून पालटून सैल करायचे. खाऱ्या पाण्यातल्या इंजिनाचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जाम झालेले असतात, तिथे जोर लावला की डोकं तुटतं, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलेलं बरं. मॅनिफोल्ड सुटत नसेल तर मशीन केलेल्या सपाट फेसमध्ये स्क्रूड्रायव्हर घालू नका, तिथे पडलेला ओरखडा म्हणजे कायमची हवेची गळती.

रीड ब्लॉक (पत्त्या बसवलेला ठोकळा) हातात आला की आधी उजेडाकडे धरा. पत्तीच्या कडेने उजेडाची रेघ दिसते का, टोकाला चिरा आहेत का, फायबरच्या पत्तीचे धागे सुटलेत का. फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) मोजतात. बऱ्याच यामाहा मॉडेलना ०.२ मिमीपर्यंतची वाकण चालते, काही कंपन्यांच्या मोठ्या इंजिनांना ०.५ मिमीपर्यंत सूट आहे, तेव्हा आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघूनच ठरवावं. पत्तीच्या पाठीवर जो वाकडा जाड तुकडा असतो तो स्टॉपर, पत्तीने किती उघडायचं ते तो ठरवतो, त्याचीही उंची मोजायची, कारण तो वाकून उंच झाला असेल तर नवी पत्तीही जास्त वाकून लवकर तुटेल. ब्लॉकवर जिथे पत्ती टेकते तिथे काही इंजिनांत रबराचा थर चिकटवलेला असतो, असा ब्लॉक कार्बोरेटर क्लीनरमध्ये बुडवून ठेवू नका, थर सुटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पत्तीचा तुकडा तुटलेला दिसला तर तो कुठे गेला ते शोधल्याशिवाय नवीन पत्ती बसवायची नाही. नखाएवढा स्टीलचा कोपरा, दिसायला काहीच नाही, पण तो बाहेर पडायची वाट क्रँककेसमधून बेअरिंगजवळून पिस्टनकडे जाते. टॉर्च मारून बघा, लोहचुंबक फिरवा. सापडला तर जुन्या पत्तीला जोडून बघा, तुटलेली कड जुळते की नाही, म्हणजे अजून एखादा तुकडा आत राहिलाय का ते कळेल. नाहीच सापडला तर एक्झॉस्ट कव्हर काढून सिलिंडरच्या भिंती बघायच्या, ओरखडे असतील तर पॉवरहेड, म्हणजे वरचं मुख्य इंजिन, खोलणं आलंच. फायबरचा तुकडा बहुतेक वेळा फार इजा न करता निघून जातो, फायबरच्या पत्त्यांचा हा मोठा फायदा आहे.

जुनी पत्ती उलटी करून परत लावायची एक सवय आहे, की वाकलीये तर पालथी टाकली म्हणजे घट्ट बसेल. करू नका. थकलेलं धातू दुसऱ्या बाजूने वाकवलं की चीर पडते आणि मग वरचा सगळा प्रकार. पत्त्या पूर्ण सेटने बदला. बसवताना पत्ती भोकावर मधोमध, सगळ्या कडांना सारखी टेकलेली हवी, आणि ज्या पत्त्यांचा एक कोपरा कापलेला असतो तो स्टॉपरच्या कापलेल्या कोपऱ्याशी जुळवायचा, ती कंपनीने दिलेली खूणच आहे. स्क्रू अगदी बारीक असतात, त्यांना थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा गोंद) लावायचं आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळायचं, कारण सुटलेला स्क्रूही त्याच वाटेने आत जातो. पॅकिंग नवीनच टाकायचं.

पत्त्या खराब होतात त्या मुख्यतः वापराच्या थकव्याने, पण पावसाळाही मोठं कारण आहे. जून-जुलैत मशीन शेडमध्ये पडून राहतं, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते जी पत्तीला ब्लॉकवर चिकटवते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आलंय आणि ते पाणी ओढतं, त्यामुळे स्टीलच्या पत्तीवर गंजाचे ठिपके पडतात आणि बरोबर त्या ठिपक्यापासून चीर सुरू होते. म्हणून शेवटच्या फेरीनंतर पेट्रोलची नळी काढून इंजिन पिंपात बंद पडेपर्यंत चालवायचं आणि ते बंद पडायच्या जरा आधी कार्बोरेटरच्या तोंडातून स्टोरेजचं ऑइल फवारायचं. लाटेवर प्रॉपेलर वारंवार हवेत निघून इंजिन किंचाळत असेल तर त्याचाही मार पत्त्यांवर बसतो.

सगळं जोडून झाल्यावर पुन्हा पिंप, पुन्हा तळवा. कोरडा राहिला की काम झालं, फक्त आधीच्या गोंधळात कोणी ना कोणी पायलट स्क्रू (स्लोचं मिश्रण ठरवणारा) आणि जेट बदललेला असतोच, तेव्हा जेट कंपनीच्या नंबरचा आहे का ते बघून स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या फेऱ्यांवर परत आणायचा.