कँटोनीजमधलं ‘काय’ कुठून आलं?

हाँगकाँगमध्ये बोलतात ती चिनी म्हणजे कँटोनीज. तिच्यात ‘काय?’ विचारायचं तर ‘मत् ये?’, आणि घाईत बोलताना हे दोन शब्द एकमेकांत मिसळून नुसतं ‘मे?’ उरतं. वाक्याच्या शेवटी ‘मे’ लावलं की आश्चर्य, म्हणजे आपलं ‘येत नाहीस काय?’ मधलं काय असतं ना, अगदी तसंच. ‘का?’ ला म्हणतात ‘तिम काय’. इथल्या ‘काय’चा आपल्या ‘काय’शी संबंध नाही हां, तिम म्हणजे कसं आणि काय म्हणजे उकल, कशी उकल करायची यावरून ‘का’ झालं.

ही सगळी बिघडलेली, गावठी भाषा आहे असं म्हणणारे बरेच भेटतात, मला ते अजिबात पटत नाही. चीनच्या थांग राजघराण्याच्या काळात, म्हणजे हजाराहून जास्त वर्षांपूर्वी, ‘वस्तू’ या अर्थाच्या शब्दापासून ‘काय’ तयार झालं, मँडरिनचं, म्हणजे प्रमाण चिनीचं, ‘शन्मं’ त्यातूनच आलं आणि कँटोनीजचं ‘मत्’ही त्याच शब्दाचं मानलं जातं. उलट शेवटचा त् कँटोनीजनेच टिकवलाय, मँडरिनमध्ये तो कधीच गळून गेला! मग बिघडलेलं कोण?

खरी अडचण लिहिण्याची. शाळेत प्रमाण चिनी लिहायचं आणि ते कँटोनीज उच्चारात वाचायचं, त्यामुळे पुस्तकातलं ‘काय’ म्हणजे ‘सम मो’, जे घरी कोणी बोलतच नाही. बोलीतले शब्द लिहायला लोकांनी मग जुगाड केला, आवाज जुळेल असं अक्षर घ्यायचं आणि डावीकडे तोंडाचं चिन्ह जोडायचं. ‘मे’ लिहितात तोंड अधिक मेंढी, मुळात ते मेंढीच्या बें-बेंचं अक्षर.

रॉबर्ट मॉरिसन या ब्रिटिश मिशनऱ्याने 1828 मध्ये हाँगकाँगजवळच्या मकावला कँटोनीज बोलीचा कोश छापला, म्हणजे बोलीची नोंद जुनीच आहे. पण मान मिळायला वेळ लागला. 1974 ला हाँगकाँगमध्ये चिनी राजभाषा झाली, कोणती चिनी ते कायद्यात नव्हतं तरी व्यवहारात बोलायला कँटोनीजच आली. कॉम्प्युटरवर मात्र बोलीतली कितीतरी अक्षरं नव्हतीच, त्यासाठी सरकारने 1999 मध्ये वेगळा पूरक अक्षरसंच काढला.

आता पोरं चॅटवर बिनधास्त तोंड अधिक मेंढी टाइप करतात, निबंधात मात्र अजूनही ‘सम मो’च.