सोंगाड्या दिवसा गप्प का असतो?

दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो आणि रात्री तमाशाचे फड लागतात. शाळेत असताना तिथे मी एका सोंगाड्याला भरदुपारी पाहिलं. आदल्या रात्री याच्या नुसत्या येण्याने लोक हसत होते. आता तो एकटाच उकिडवा बसून दोन व्यापाऱ्यांचे चेहरे न्याहाळत होता. त्यांचा रुमालाखाली बोटं दाबून घोड्याचा सौदा चालला होता. कुणी "कसा शे भो?" विचारलं, तर हा फक्त मान हलवी.

त्या रात्री बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादात, सरदार आणि सोंगाड्याने तसाच रुमाल धरला. दाबादाबी झाली, भाव फिसकटला, रुमाल उचलला, तर सरदाराची अंगठी सोंगाड्याच्या बोटात! कनात दणाणली.

असा माणूस एरवी गप्प दिसला की लोक म्हणतात, आतून दुःखी असणार. मला ते पटत नाही. गिल ग्रीनग्रॉस आणि जेफ्री मिलर यांनी २००९ मध्ये ३१ व्यावसायिक स्टँडअप कलाकारांच्या स्वभावाची ४०० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांशी तुलना केली. विनोदवीर विद्यार्थ्यांपेक्षा कमी बहिर्मुख निघाले, आणि नव्या अनुभवांची ओढ मात्र त्यांना जास्त. ही मंडळी फडातली नव्हेत, हे खरं. पण बाजारात बसलेला तो माणूस मला या निष्कर्षात ओळखू येतो.

२०१४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात ५२३ विनोदवीरांनी प्रश्नावली भरली. तीव्र मनोविकारांशी दूरचं नातं असलेल्या चार स्वभावछटा त्यात तपासल्या होत्या, आणि चारही त्यांच्यात सर्वसाधारण माणसांपेक्षा ठळक होत्या. त्यांतली एक माणसांपासून लांब राहण्याची, दुसरी मनात येईल ते बेधडक करण्याची. एरवी या दोन्ही एका माणसात जोरकस सापडणं अवघड. पण तेवढ्यावरून ही माणसं आजारी ठरत नाहीत. या छटा थोड्याफार आपल्या सगळ्यांतच असतात.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ओरी आमिर आणि आयर्विंग बीडरमन यांचं २०१६ चं काम. त्यांनी मुरलेल्या, नवशिक्या आणि विनोदाशी संबंध नसलेल्या लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून व्यंगचित्रांना ओळी सुचवायला सांगितल्या. मुरलेल्यांच्या मेंदूत कानशिलांकडचा, म्हणजे अर्थ आणि आठवणी एकमेकींना जोडणारा भाग जास्त जागा झाला. कपाळामागचा, विचारांना दिशा देणारा भाग त्यांच्यात तुलनेने शांत राहिला. ठरवून शोधण्यापेक्षा साठ्यातून आपोआप वर येऊ देणं, अशी ही रीत दिसते.

साठा मात्र आधी भरावा लागतो. गण, गवळण, बतावणी, वग या क्रमात बतावणीचा सांगाडा ठरलेला असला, तरी भर गावागावाला बदलते. केळीच्या पट्ट्यात चालतं ते कपाशीच्या गावात चालेलच असं नाही. सोंगाड्याला दुपारी बाजार हिंडावा लागतो, चहाच्या टपरीवर कान उघडे ठेवून बसावं लागतं. बोलत राहिला तर ऐकणार कधी?

पुढे तो फड नंदुरबारकडे गेला. तिथे पाहून आलेल्यांनी सांगितलं, रुमाल तोच होता, पण घोड्याच्या जागी मिरचीचं पोतं आलं होतं, आणि सोंगाड्या शिंकत शिंकत भाव सांगत होता.