सात पीएसआयचा प्रश्न: जुन्या डिझेल ट्रकच्या लिफ्ट पंपाची पार्श्वभूमी

१९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या डिझेल डॉज रॅम ट्रकमध्ये मूळ पंप अजून जागेवर असेल, तर किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता थांबा. इंजिनाच्या डाव्या बाजूने दोनेक सेकंद बारीक घरघर ऐकू येते आणि थांबते. स्टार्टरला क्षणभर झटका देऊन सोडला, तर तीच घरघर वीस-पंचवीस सेकंद चालते. हा लिफ्ट पंप. या ट्रकांना आता दोन दशकांहून जास्त काळ लोटला आहे, आणि त्यांच्या मालकांचा नेहमीचा प्रश्न असतो की याच्या जागी कोणता इलेक्ट्रिक पंप टाकावा. उत्तरात लगेच गॅलनचे आकडे येतात: ताशी ९५, १००, १५०, १६५. पण हा प्रश्न पडलाच का, हे कळल्याशिवाय त्या आकड्यांचा उपयोग नाही.

आधी शब्दाचा गुंता सोडवायला हवा. नुसते ‘फ्युएल पंप’ म्हटले की निम्मी चर्चा भलत्याच पंपावर जाते. आपल्या गॅरेजांत याची फोड कधीच झालेली आहे: नोझलांना डिझेल पाठवतो तो मेन पंप, आणि टाकीतून आणून मेन पंपाला देतो तो फीड पंप. अमेरिकेत फीड पंपाला लिफ्ट पंप म्हणतात. लिफ्ट म्हणजे उचलणे, खालून ओढून वर आणणे. पंप इंजिनाला चिकटलेला होता तोवर हे नाव खरे होते. टाकीजवळचा किंवा टाकीतला पंप मात्र डिझेल पुढे ढकलतो, तरी नाव तेच राहिले. ओढणे आणि ढकलणे यात फरक मोठा आहे. ओढताना नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, डिझेलमध्ये विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटते, आणि नळीला केसाएवढी भेग असली तर डिझेलचा थेंबही बाहेर न येता गाडी एअर घेते. ढकलणाऱ्या नळीला तीच भेग पडली तर जमिनीवर ओल दिसते आणि दोष लगेच सापडतो.

फार मागे जायची गरज नाही. १९२७ मध्ये इनलाइन इंजेक्शन पंपाचे, म्हणजे मेन पंपाचे, कारखानी उत्पादन सुरू झाले आणि तेव्हापासून अनेक दशके फीड पंप इंजिनाच्याच ताकदीवर चालत आला, कॅमने दाबला जाणारा पडदा किंवा दट्ट्या. इंजिन फिरते तोवर पंप फिरतो, इंजिन थांबले की पंप थांबतो. रॅममध्ये ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे कमिन्स इंजिन १९८९ च्या मॉडेलपासून आले. आधी त्यावर मेन पंप म्हणून व्हीई रोटरी पंप होता आणि १९९४ पासून पी-७१०० इनलाइन पंप. दोन्हींना कॅमशाफ्टवरचा यांत्रिक फीड पंप. पी-७१०० चा दट्ट्यावाला फीड पंप चांगला वीस ते तीस पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड, दाबाचे माप) दाब द्यायचा आणि वर्षानुवर्षे कोणी त्याच्याकडे वळूनही पाहायचे नाही. याच घराण्याचे ५.९ लिटरचे इंजिन आपल्याकडे टाटाच्या ट्रकांतही धावले. महाराष्ट्रातल्या हायवेवरच्या चालकांना ‘कमिन्सवाली गाडी’ म्हटले की वेगळे सांगावे लागत नाही.

खरा बदल १९९८ चा. त्या वर्षी अमेरिकेत अवजड डिझेल इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ५ ग्रॅमवरून ४ ग्रॅमवर आली (दर ब्रेक हॉर्सपॉवर-तासाला). डिझेल कधी आणि किती सोडायचे हे आता संगणकाने ठरवायला हवे होते. म्हणून बारा व्हॉल्व्हच्या जागी चोवीस व्हॉल्व्हचे इंजिन आले आणि पी-७१०० च्या जागी व्हीपी-४४ हा इलेक्ट्रॉनिक रोटरी पंप. त्याच फेरबदलात फीड पंप कॅमशाफ्टवरून सुटला आणि विजेवर गेला. जागा मात्र इंजिनाच्या अंगावरचीच राहिली. हा पंप पंखांचा होता. असा पंप ढकलण्यात पटाईत असतो, ओढण्यात कच्चा. त्याला टाकीपासून लांब, इंजिनाच्या थरथरीत आणि उष्णतेत बसवून ओढायला लावले.

यातून काय झाले हे समजण्यासाठी व्हीपी-४४ ची भूक पाहावी लागते. २३५ हॉर्सपॉवरचे हे इंजिन पूर्ण भारावर ताशी बाराएक गॅलन डिझेल जाळते. पण सर्व्हिस मॅन्युअलमधली लिफ्ट पंपाची चाचणी ३० सेकंदांत ४५ औंस मागते, म्हणजे ताशी सुमारे ४२ गॅलन. जळते त्याच्या साडेतीन पट. उरलेले डिझेल पंपातून वाहत जाते, त्याच्या आतल्या भागांना वंगण आणि डोक्यावर बसवलेल्या संगणकाला थंडावा देत टाकीत परत येते. परतीच्या वाटेवर एक झडप आहे, ती उघडते १४ पीएसआयच्या सुमाराला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती आहे.

दुसरी अडचण जास्त घातक. व्हीपी-४४ च्या पोटात स्वतःचा छोटा पंखापंप आहे. लिफ्ट पंप मेला तरी तो टाकीतून ओढून घेतो आणि ट्रक चालत राहतो. डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, कारण डिझेलच्या दाबाकडे पाहणारा सेन्सर कारखान्याने बसवलेलाच नव्हता. मालकाला कळते ते काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, पी-०२१६ हा डिझेल सोडण्याच्या टायमिंगमधला दोष दाखवणारा कोड येतो तेव्हा. तोवर मेन पंप कोरडा घासून गेलेला असतो. स्वस्तातला पंप मेला म्हणून महागातला पंप जातो, आणि त्याचीही खबर मिळत नाही. सेन्सर न बसवणे ही या ट्रकमधली सगळ्यात मोठी चूक होती असे माझे ठाम मत आहे. पंपाच्या निवडीपेक्षाही मोठी.

लिफ्ट पंप बदलून बदलून वॉरंटीचा खर्च वाढला, तेव्हा २००३ च्या सुमारास ट्रक बनवणाऱ्या कंपनीने तोडगा काढला. इंजिनावरचा पंप निकामी झाला की डीलरने त्या जागी तसाच पंप न बसवता टाकीच्या आत पंप बसवायचा. या निर्णयावर आजही दोन तट आहेत, आणि जुना ट्रक घेणाऱ्याला त्यातला एक निवडावाच लागतो, कारण घेतलेल्या ट्रकमध्ये हा बदल झालेला असण्याची शक्यता बरीच आहे.

बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे साधे आणि वजनदार आहे. पंप डिझेलमध्ये बुडालेला, म्हणून थंड. थरथर नाही. टाकीतूनच ढकलतो, म्हणून ओढण्याचा प्रश्न मिटला आणि एअर घेण्याचाही. वर्षानुवर्षे पेट्रोल गाड्यांत हेच चालते. शिवाय, ते म्हणतात, व्हीपी-४४ ला दाब नको, पुरेसे डिझेल हवे. दाब हा नुसता आरसा आहे, त्याच्या आत बघायचा तो प्रवाह.

विरोधातले लोक एकच आकडा पुढे ठेवतात. टाकीतला तो पंप साधारण ७ पीएसआय देतो. परतीची झडप १४ ला उघडते. मग झडप नीट उघडणारच कशी, आणि डिझेल फिरून पंपाला थंड करणारच कसे? माझा कल या बाजूकडे आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. प्रवाह महत्त्वाचा हे खरे. पण मॅन्युअलची जुनी अट होती की इंजिन चालू असताना किमान १० पीएसआय असावेत. त्याच मेन पंपासाठी, त्याच इंजिनासाठी ७ वर समाधान मानायचे, तर आधीची अट कशासाठी होती याचे उत्तर द्यायला हवे. जागा बरोबर निवडली, पंप लहान निवडला, असे मला वाटते. आणि टाकीतला पंप पुन्हा गेला तर मागचा हौदा उचलावा लागतो किंवा भरलेली टाकी खाली उतरवावी लागते. ज्याने अंगणात एकट्याने हे केले आहे त्याला विचारा.

बाजारातल्या अपग्रेडचा जन्म या पोकळीत झाला. चासीच्या दांड्यावर, टाकीच्या जवळ बसणारा पंप, सोबत मोठी नळी आणि फिल्टर, काहींत डिझेलमधली हवा वेगळी काढून टाकीत परत पाठवण्याची सोय. कल्पना चांगली आहे, कारण जागा ढकलण्याची आहे आणि हात सहज पोहोचतो. पण विक्री झाली गॅलनवर, आणि तिथेच घोटाळा झाला. डब्यावरचा आकडा बहुधा मोकळ्या तोंडाचा असतो, पुढे काहीच अडथळा नसतानाचा. १५ पीएसआयच्या विरुद्ध तोच पंप किती देतो हे वेगळे. शिवाय मूळ ट्रकमधले बँजो बोल्ट (नळ्या जोडणारे पोकळ बोल्ट) इतके अरुंद आहेत की १५० गॅलनचा पंप लावून ते बोल्ट तसेच ठेवले, तर मोठ्या नळाला इंजेक्शनची सुई लावल्यासारखे होते. मूळ ताकदीच्या ट्रकला ९५ किंवा १०० पुष्कळ झाले. १५० आणि वरचे आकडे ज्यांनी मोठे नोझल आणि वाढीव प्रोग्राम टाकले त्यांच्यासाठी.

बाकीच्या कंपन्यांनी हाच प्रश्न आपापल्या रीतीने सोडवला, किंवा सोडवला नाही. ७.३ लिटरच्या फोर्डमध्ये १९९७ पर्यंत इंजिनाच्या खोबणीत दोन टप्प्यांचा यांत्रिक पंप होता, एक टप्पा ओढायचा, दुसरा ढकलायचा. १९९९ पासून चासीवर इलेक्ट्रिक पंप आला. जुन्या ७.३ ला नव्याची पद्धत लावणे हा तिथला आवडता बदल. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनात २००१ पासून २०१६ पर्यंत लिफ्ट पंपच नव्हता. मेन पंप स्वतः टाकीपासून ओढून घ्यायचा. रॅमने २००३ मध्ये कॉमन रेल (सगळ्या नोझलांना एकाच दाबनळीतून डिझेल देण्याची पद्धत) आणि त्यासाठी सीपी-३ हा मेन पंप आणला, तेव्हा लिफ्ट पंप आधी फिल्टरच्या डब्याला चिकटवला आणि २००५ पासून टाकीत नेला. म्हणजे आधीच्या ट्रकवर वाद चालू असताना नव्या ट्रकने टाकीची बाजू घेतली.

दरम्यान डिझेलही बदलले. अमेरिकेत रस्त्यावरच्या डिझेलमधले गंधक १९९३ मध्ये ५०० पीपीएमवर (दशलक्षात ५०० भाग) आणि २००६ पासून १५ वर आणले गेले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत वंगणाचा गुणही जातो, म्हणून २००५ पासून वंगणक्षमतेची अट घालावी लागली. व्हीपी-४४ ला डिझेलशिवाय दुसरे वंगण नाही. कमी दाब आणि कोरडे डिझेल यांची गाठ पडल्यावर कोणाला दोष द्यायचा यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत, आणि दाबाकडे आधी पाहावे असेच म्हणेन, कारण दाब मोजता येतो.

मोजण्याचे एक उदाहरण. एका मित्राच्या ट्रकला घोड्यांचा ट्रेलर ओढताना चढावर दम लागायचा. पंपाची ऑर्डर द्यायच्या बेतात होता. आम्ही लांब नळीचे साधे गेज फिल्टरनंतरच्या तोंडाला जोडले, नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज काचेवर वायपरखाली टेपने चिकटवले. उभ्या ट्रकला काटा १४ वर. सपाट रस्त्यावर १२. चढ लागला, त्याने पाय दाबला, आणि काटा थरथरत ४ वर आला. थरथर महत्त्वाची होती. पंप थकला असता तर काटा शांतपणे खाली आला असता. हा नाचत होता, म्हणजे नळीत हवा होती. टाकीच्या वरच्या तोंडाजवळ वीतभर रबरी नळी आहे, ती वाकवून पाहिली तर क्लॅम्पच्या कडेला रबर सालीसारखे फाटलेले. थेंबही गळत नव्हता. ती वीतभर नळी बदलली आणि त्याच चढावर काटा ११ च्या खाली गेला नाही. पंपाची ऑर्डर रद्द.

म्हणून आज कोणी विचारले तर मी आधी गेज घ्यायला सांगतो, कायमचे, काचेच्या खांबावर बसणारे. पूर्ण भारावर १० च्या खाली जात असेल, नळ्या आणि फिल्टर तपासून झाले असतील, तर चासीवरचा पंप घ्यावा आणि तो १५ च्या आसपास लावावा. दाब जितका जास्त तितका बरा असेही नाही. १९८९ ते १९९३ मधल्या व्हीई पंपाला मुळात थोड्या पीएसआयची सवय आहे. त्याला व्हीपी-४४ साठी बनवलेला पंप तसाच जोडला तर पुढचे शाफ्ट सील जाऊ शकते.

वायरिंग करताना एक गोष्ट सुटते. मूळ पंपाला वीज इंजिनाचा संगणक थेट देतो, आणि मोठ्या पंपाचा करंट त्याला झेपणारा नाही. मूळ कनेक्टरने फक्त रिले (लहान करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालवावी आणि पंपाची वीज बॅटरीवरून फ्यूजमधून आणावी. काही जण हे टाळून पंप सरळ किल्लीच्या वायरला जोडतात. कॅमशाफ्टवरचा पंप इंजिनाबरोबर थांबायचा. किल्लीवर जोडलेला पंप अपघातात इंजिन बंद पडले आणि नळी तुटली तरी डिझेल ओतत राहतो. जनरल मोटर्सच्या जुन्या ६.५ लिटर ट्रकमध्ये याच कारणासाठी लिफ्ट पंपाची वीज तेलाच्या दाबाच्या स्विचमधून जायची. तो स्विच गेला की पंपही बंद पडायचा, म्हणून अनेकांनी तो काढून टाकला. आता असे ट्रक विकायला येतात तेव्हा मी बॉनेट उघडून आधी तो स्विच जागेवर आहे का ते पाहतो.