हवा बिघडते ती फक्त शेतकऱ्यामुळे?

'थंडीत हवा बिघडते ती शेतकरी पेंढा जाळतात म्हणूनच,' हा मजकूर दरवर्षी फिरतो. गोव्यात पेडणे-डिचोलीतल्या शेतकऱ्याला तो टोचतो; त्याचा पेंढा बहुधा गोठ्यातच जातो.

मजकुरात तथ्य आहे, पण अर्धंच. पंजाब-हरयाणात ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची धसकटं जाळतात आणि त्या दिवसांत दिल्लीच्या हवेत त्या धुराचा वाटा मोठा असतो. त्यालाही कारण आहे, बातम्यांत ते क्वचितच येतं: भूजल वाचवण्यासाठी २००९च्या कायद्याने पंजाबात भातलावणी पुढे गेली, म्हणून कापणी आणि गव्हाच्या पेरणीत फार थोडे दिवस उरतात. पण आगी थांबल्यावर, डिसेंबर-जानेवारीतही दिल्लीची हवा वाईटच असते. तेव्हा वाहनं, कारखाने, धूळ, कचऱ्याचा धूर असतोच. थंडीत वारा मंदावला की सगळं जमिनीलगत अडकतं. आपल्याकडे खनिज वाहतुकीच्या रस्त्यांवरची लाल धूळही शेतातून येत नाही.

पडताळणी सोपी आहे. हवेच्या निर्देशांकाचे (आकडा जितका मोठा, तितकी हवा वाईट) रोजचे आकडे आणि उपग्रहांनी टिपलेल्या आगींचे नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात. नोव्हेंबर आणि जानेवारी शेजारी ठेवा: नकाशावर आगीचे ठिपके विरळ झाले, तरी दिल्लीचा निर्देशांक चढाच दिसेल.